८२ प्रश्न रिकामे का राहिले?

पत्र

मी सांगलीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. दोन वर्षं एका पतसंस्थेत नोकरी करते, वेळ दहा ते सहा. एमबीए सीईटीला (राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेला) साडेतीन महिने उरलेत. गेल्या रविवारी घरीच पहिलं पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिलं. २०० पैकी ८८ आले. इंग्रजीची धास्ती म्हणून ते आधी घेतलं. त्यात ५५ मिनिटं गेली, ४२ प्रश्न सोडवले, २७ बरोबर. मग गणित: ५० मिनिटांत ३६, बरोबर २८. लॉजिकलला ४२ मिनिटं उरली, त्यात ३४ झाले, २९ बरोबर. आकृत्यांना तीनच मिनिटं मिळाली, ६ सोडवले, ४ बरोबर आले. भाऊ म्हणतो, नोकरी सोड आणि पुण्याला जाऊन क्लास लाव. फी ४५ हजार. मला वाटतं माझं इंग्रजीच कच्चं आहे, तर आधी इंग्रजीचा क्लास लावू का? आयआयएमसाठीची कॅटही द्यावी का? मी ओबीसी प्रवर्गातली आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर

पत्रात इतके नेमके आकडे फार कमी जण देतात. तुम्ही दिलेत, म्हणून उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही.

तुमच्या प्रश्नपत्रिकेत २०० पैकी ११८ प्रश्न सोडवलेले आहेत. उरलेले ८२ तसेच कोरे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. म्हणजे डोळे मिटून या ८२ प्रश्नांवर कुठलाही पर्याय टिचकवला असता, तरी सरासरीने २० बरोबर आले असते. ८८ चे १०८, तेही काहीही न शिकता! सगळीकडे एकच पर्याय लावा किंवा वेगवेगळे लावा, सरासरी तीच येते. एकच लावला तर वेळ वाचतो एवढाच फरक. शेवटची तीन मिनिटं फक्त या कामाला राखून ठेवायची. घड्याळात १४७ मिनिटं झाली की हातातलं गणित अर्धं असलं तरी सोडायचं. 'हे एवढं एक होतंच आलंय' म्हणत त्याच्यात अडकलेली मुलं शेवटी पन्नास प्रश्न कोरे ठेवून उठतात.

आता ते ८२ कुठले, ते बघा. लॉजिकलचे ४१, आकृत्यांचे १९, गणिताचे १४ आणि इंग्रजीचे फक्त ८. ज्या विभागात शंभरातले ८५ बरोबर येतात, त्याच विभागातले निम्म्याहून जास्त प्रश्न तुम्ही पाहिलेलेच नाहीत. आणि ज्या विभागात शंभरातले ६४ येतात, तो जवळजवळ पूर्ण सोडवलाय. इंग्रजी कच्चं आहे हे खरं, पण ८८ गुणांचा दोष सगळा त्याच्या माथी मारू नका. भीती वाटते ते आधी उरकायचं, या सवयीने तुमची घसघशीत १५-२० मिनिटं खाल्ली आहेत.

परीक्षेचा साचा आधी नीट डोक्यात बसवा: लॉजिकल रीझनिंग ७५ प्रश्न, ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे आकृत्या २५, गणित ५०, इंग्रजी ५०. वेळ १५० मिनिटं. एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. तुमचा सध्याचा वेग इंग्रजीत ७९ सेकंद, गणितात ८३ आणि लॉजिकलमध्ये ७४ आहे. विभागवार वेळेचं बंधन नाही, त्यामुळे मिनिटं कुठे घालायची हे तुमच्या हातात असतं. अनेकांचा घात नेमका इथेच होतो.

पुढच्या मॉकसाठी वाटणी अशी ठेवा: आकृत्या १५ मिनिटं, लॉजिकल ६०, गणित ३६, इंग्रजी ३६ आणि शेवटची तीन टिचकवायला. क्रमही हाच. आकृत्या आधी, कारण त्यांत वाचायचं काही नसतं आणि डोकं ताजं असताना त्या पटापट सुटतात. थकल्यावर त्याच आकृत्या नुसत्या रेघोट्या दिसतात. इंग्रजी शेवटी, कारण त्यातले निम्मे प्रश्न २५ सेकंदांत 'येतं' किंवा 'येत नाही' ठरतात आणि घाईतही त्यांचं फारसं बिघडत नाही. इंग्रजीची १९ मिनिटं कापली म्हणून घाबरू नका. गेल्या रविवारच्या मॉकमध्ये प्रत्येक प्रश्नाला किती वेळ लागला ते बघा (बहुतेक मॉक देणाऱ्या संस्था हे दाखवतात). दोन मिनिटांच्या वर बसलेल्या प्रश्नांतले किती बरोबर आले ते मोजा. संख्या बघून त्या १९ मिनिटांचं दुःख राहणार नाही.

लॉजिकलमध्ये सगळ्यात जास्त गुण आहेत आणि सगळ्यात जास्त खड्डेही. प्रश्नांचा बाज बँकेच्या परीक्षांसारखा आहे: गोल टेबलाभोवती बसवणं, मजल्यांवर माणसं बसवणं, सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष काढणं), कोडिंग, दिशा, नाती, इनपुट-आउटपुट. त्यामुळे बँक पीओच्या सरावाची पुस्तकं चालतात आणि ती स्वस्तही मिळतात. बसवाबसवीच्या एका कोड्यावर, म्हणजे पझलवर, साधारण पाच प्रश्न असतात, त्याला सात मिनिटांच्या वर द्यायची नाहीत. पण घड्याळ सातव्या मिनिटाला बघून उपयोग नाही. निर्णय दुसऱ्या मिनिटाला घ्यायचा. सगळी माहिती कागदावर मांडून झाली आणि तरीही एकही माणूस पक्क्या जागी बसला नाही, तर ते पझल सोडा. दोन-तीन शक्यता एकाच वेळी वाढवत नेणारी पझल्स दुसऱ्या फेरीसाठी असतात.

गोल टेबलात डावं-उजवं चुकणं हा सगळ्यात महागडा घोटाळा आहे, कारण एका चुकीत पाचही प्रश्न जातात. केंद्राकडे तोंड असेल तर माणसाची डावी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उजवी उलट. तोंड बाहेर असेल तर नेमकं याच्या उलट. कागदावर वर्तुळ काढलं की लगेच बाहेरून एक बाण काढून त्यावर 'डा' लिहून ठेवा. काही जणांची तोंडं आत, काहींची बाहेर, असं मिश्र पझल असेल तर प्रत्येक नावाशेजारी छोटा बाण हवा. मनात धरून ठेवलेली दिशा चौथ्या वाक्यापर्यंत टिकत नाही.

सिलॉजिझममध्ये 'ओन्ली अ फ्यू ए आर बी' हे वाक्य दिसलं की थांबा. सरावाच्या संचांत त्याचा अर्थ दुहेरी धरतात: काही ए हे बी आहेत, आणि काही ए हे बी नाहीतच. त्यामुळे 'सगळे ए बी असू शकतात' हा निष्कर्ष चूक. नुसतं 'सम' असतं तर तोच निष्कर्ष चालला असता. मराठीत दोन्हींचं भाषांतर 'काही' असं होतं, आणि मनात भाषांतर करून सोडवणारी मुलं बरोबर इथे फसतात. सिलॉजिझम भाषांतर न करता, सरळ वर्तुळं काढून सोडवायचं.

गणितात मात्र मराठी माध्यमाचा फायदा आहे, तो सोडू नका. सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो. पाढे मराठीत पाठ असतील तर मनातला हिशेब मराठीतच होऊ द्या. 'इंग्रजीत विचार करायचा' हा सल्ला इथे गैरलागू आहे. घरात कुणी जुनं माणूस पावकी, निमकी, दिडकी म्हणून दाखवणारं असेल तर त्यांच्याकडून पावकी आणि दिडकी घोकून घ्या, डीआयच्या (तक्ते-आलेख वाचून सोडवायच्या प्रश्नांच्या) तक्त्यांत तीच कामाला येते. धोका एकच. आपण मराठीत एकक आधी म्हणतो: त्रेसष्ट म्हणताना आधी तीन येतात. घाईत कागदावर ३६ उतरतं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीचीही अशीच अदलाबदल होते. तुमच्या चुकलेल्या ८ गणितांचा कच्चा कागद काढून बघा, त्यांत एक-दोन नक्की अशा उलट्या आकड्यांच्या सापडतील. उपाय साधा आहे: कच्चं काम करताना दोन अंकी संख्या लिहिल्यावर एकदा डोळ्यांनी पडद्यावरच्या आकड्याशी ताडून घ्यायची.

टक्क्यांचे अपूर्णांक पाठच हवेत: १/६ म्हणजे १६.६६, १/७ म्हणजे १४.२८, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९, १/१२ म्हणजे ८.३३. ४३६८ चे ३७.५ टक्के काढताना गुणाकार मांडणारा माणूस ४० सेकंद घालवतो. ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश हे ज्याला दिसतं तो ४३६८ ला ८ ने भागून ५४६, त्याची तिप्पट १६३८, असं दहा सेकंदांत मोकळा होतो. संख्यामालिकेत आधी फरक बघा. फरक झपाट्याने वाढत असेल तर गुणाकार-अधिक-बेरीज असा विचार करा: ७, ८, १८, ५७, २३२ यात एकदा गुणिले १ अधिक १, मग गुणिले २ अधिक २, असं चालत पुढचं पद ११६५ येतं. एका मालिकेला ४५ सेकंदांच्या वर नाही. दोन वर्गसमीकरणांच्या तुलनेत एक्सच्या किमती ३ आणि ४, वायच्या ४ आणि ५ आल्या, तर उत्तर 'एक्स लहान किंवा बरोबर' हे आहे. 'लहान' लिहून मुलं गुण घालवतात, कारण दोन्हीकडचा ४ त्यांच्या नजरेतून सुटतो.

पर्म्युटेशन, प्रॉबॅबिलिटी, लॉगॅरिदम यांवर साडेतीन महिन्यांत जास्त दिवस घालवू नका. टक्के, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम, वेग आणि डीआय एवढ्यावर तुमचं बी.कॉम. आणि पतसंस्थेतलं रोजचं काम पुरेसं आहे. चक्रवाढ व्याज तुम्हाला कुणी शिकवायची गरज नसावी.

आकृत्यांत काय बघायचं त्याचा क्रम ठरवून ठेवा: आधी मोजा (रेषा, ठिपके, बाजू), मग फिरणं (४५ अंश की ९०, कुठल्या दिशेने), मग जागा, मग रंग भरलेला की मोकळा. पूर्ण आकृतीचा नियम शोधत बसायचं नाही. एकाच घटकाचा, समजा बाणाचा, नियम सापडला की चारपैकी दोन-तीन पर्याय तिथेच गळतात. मग दुसरा घटक. ३० सेकंदांत काही गळलं नाही तर पुढे चला. रोज दहा मिनिटं, पंधरा आकृत्या, बास.

आता इंग्रजी. क्लास नको, कारण बोलण्याचा क्लास या ५० प्रश्नांसाठी उपयोगाचा नाही. १५ चुकलेले प्रश्न दोन ढिगांत टाका: उताऱ्यावरचे आणि सुट्या वाक्यांचे. सुट्या वाक्यांत मराठी बोलणाऱ्यांच्या चुका ठराविक असतात, कारण त्या मराठीतून आलेल्या असतात. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून 'अ' आणि 'द' गाळलेला डोळ्याला टोचत नाही. 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ' बरोबर वाटतं, हवं 'मॅरिड टू'. 'विषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', हवं नुसतं 'डिस्कस'. 'पेक्षा ज्येष्ठ' म्हणून 'सीनियर दॅन', हवं 'सीनियर टू'. 'तीन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींत आपला 'पासून' एकच; इंग्रजीत पहिल्याला 'फॉर', दुसऱ्याला 'सिन्स'. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी. अशा चुकांची स्वतःची यादी करा. चाळीसेक नोंदींनंतर त्याच त्याच चुका परत भेटू लागतात.

उताऱ्यांसाठी रोज एक अग्रलेखाच्या लांबीचा, साधारण पाचशे शब्दांचा इंग्रजी मजकूर तीन मिनिटांत वाचा आणि मिटून मराठीत एका वाक्यात लिहा: लेखक काय म्हणतोय. अडलेले शब्द वाचताना शोधायचे नाहीत. उतारा तीनदा वाचण्याची तुमची सवय (५५ मिनिटं दुसरी कुठे जाणार?) याच व्यायामाने मोडते. परीक्षेत एकदाच वाचा, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूची दोन वाक्यं पुन्हा वाचा.

नोकरी सोडू नका. हिशेब असा: रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, सहा दिवसांचे १२, रविवारचे ५. आठवड्याचे १७, चौदा आठवड्यांचे २३८ तास. यात १६ पूर्ण मॉक बसवा. एक मॉक अडीच तासांचं आणि त्याची चिरफाड तीन तासांची, म्हणजे ८८ तास तिथे गेले. उरलेल्या १५० पैकी लॉजिकल ५५, गणित ४५, इंग्रजी ३५, आकृत्या १५. पहिल्या चार आठवड्यांत दोन मॉक, पुढच्या सहांत दर रविवारी एक, शेवटच्या चारांत आठवड्याला दोन. शेवटचं मॉक परीक्षेच्या तीन दिवस आधी. कामावरून आल्यावर मॉक देऊ नका, त्या गुणांना काही अर्थ नसतो. ४५ हजारांऐवजी एक चांगली मॉक मालिका विकत घ्या, ती दोन-चार हजारांत येते. नंतर मुलाखतीला दोन-अडीच वर्षांचा पतसंस्थेचा अनुभव हा कुठल्याही क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरतो.

चिरफाड म्हणजे उत्तरं वाचणं नव्हे. वहीत प्रत्येक चुकलेल्या आणि दोन मिनिटांवर गेलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक शब्द लिहा: आलं नाही, वाचलं चुकीचं, हिशेब चुकला, बसून राहिले. मग तो प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवा. 'बसून राहिले' सगळ्यात जास्त असतील तर आणखी धडे शिकून काही होणार नाही, सोडण्याचा सराव करायला हवा. 'आलं नाही' जास्त असतील तर त्या आठवड्यात मॉक थांबवून तो धडा घ्या. पहिल्या दोन-तीन मॉकमध्ये नव्या वाटणीमुळे गुण कमीही होतील. क्रम बदलू नका, चौथ्यापासून फरक दिसतो.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, यंदाची झाली. पुढच्या वर्षी द्यायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटांची कुलपं आहेत, एका विभागाची वेळ दुसऱ्याला देता येत नाही. आणि पर्यायी प्रश्नात बरोबर उत्तराला ३, चुकीच्याला उणे १. चार पर्यायांत आंधळेपणाने टिचकवलं तर सरासरी शून्य हाती लागतं, एक पर्याय खात्रीने गळला तरच फायदा. सीईटीची टिचकवण्याची सवय तिथे नेऊ नका. प्रश्नही कमी आणि खोल असतात, त्यामुळे सीईटीच्या वेगाची तयारी कॅटला अर्धीच पुरते. या साडेतीन महिन्यांत तिचा विचारच नको.

सीईटी अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल (शंभरात किती जण तुमच्या मागे) त्या-त्या सत्रातल्या उमेदवारांशी तुलना करून काढतात. म्हणून 'किती गुणांना किती पर्सेंटाइल' या तक्त्यांवर विसंबू नका. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेला खुल्या गटात ९९.९ च्या वर लागतं, एवढं ठाऊक असलं की पुरे. तुमचं गृह विद्यापीठ शिवाजी, तेव्हा मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांतल्या संस्थांत तुमच्यासाठीच्या जागा तिथल्या मुलांपेक्षा कमी असतात. ऑप्शन फॉर्म (संस्थांच्या पसंतिक्रमाचा अर्ज) भरताना हे धरून यादी लांब ठेवा, आणि पहिल्या क्रमांकावर तीच संस्था टाका जिथे खरंच जायचंय. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती जागा पक्की धरली जाते.

आणि अभ्यासाइतकंच तातडीचं: जात वैधता प्रमाणपत्र आहे का? नसेल तर या आठवड्यात जात पडताळणी समितीकडे अर्ज करा, त्याला महिने लागतात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं; आत्ता काढलेलं प्रवेशाच्या वेळी मुदतीबाहेर जाणार नाही ना, हे तहसीलमध्ये विचारून घ्या. अर्जातलं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकच ठेवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, यावरूनही पडताळणीत खोळंबा होतो.

येत्या रविवारी नव्या क्रमाने मॉक द्या आणि तीनच आकडे कळवा: किती प्रश्न पाहिले, 'बसून राहिले' किती, आणि १४७ व्या मिनिटाला हात थांबला की नाही.